"बॅन लागला" असा मेसेज आला की नेमकं काय बंद झालं समजायचं?

निफाडची लेक:

नमस्कार मंडळी. माझं माहेर निफाड तालुक्यात, राहते नाशिकला सिडकोत. घरचे कांदा आणि द्राक्षवाले, त्यामुळे गावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही आहे. सरकारचा इंग्रजी कागद फिरायला लागला की कुणीतरी तो माझ्याकडे ढकलतं, "ताई, जरा वाचून मराठीत टाक." हे काम मी मनापासून करते, कारण त्या चार ओळींवर लोक उद्या ट्रॉली भरायची की नाही ते ठरवतात.

अडचण ही की कागदाच्या आधीच "कांदा बॅन" गावात पोचलेला असतो. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातशुल्क लागलं, मेसेज आला "एक्स्पोर्ट बॅन". ऑक्टोबर संपता संपता किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवायचा नाही, मेसेज "एक्स्पोर्ट बॅन". डिसेंबरात खरोखरची निर्यातबंदी झाली, तेव्हाही तेच दोन शब्द. ऑगस्टात मी गावीच होते. चुलते चाळीत, म्हणजे कांदा साठवतो त्या शेडमध्ये, वाकून खालच्या थरातले कांदे उपसत होते, एकेक दाबून बघत होते, कोंब धरलाय का, मान मऊ पडलीय का. तसंच वाकलेले असताना मला विचारलं, "कायमचं का थोड्या दिवसांचं? दुबईला बंद का बांगलादेशालाबी? अन् नाफेडवाले घेणार का नाही?" (नाफेड म्हणजे केंद्रासाठी कांदा विकत घेणारी सहकारी संस्था.) मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं. शेजारच्या दोन घरांनी त्याच रात्री चाळ फोडली, साठवलेला माल विकायला काढला.

कांद्यापुरतंच नाही हे. फवारणीच्या औषधांच्या दुकानात "हे बॅन आहे" म्हणतात आणि दुसऱ्या दुकानात तेच औषध उघड मिळतं. संक्रांतीला मांजा बॅन, बाजारात कॅरीबॅग बॅन, भाच्याचा गेम बॅन, कुणाचा व्हॉट्सॲप नंबर बॅन. सगळ्यांना एकच शब्द, आणि प्रत्येक ठिकाणी बंद होणारी गोष्ट वेगळी. तर बॅन आहे असं ऐकलं की पहिल्यांदा काय तपासायचं, हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी कृपया सांगावं. मला ग्रुपवर टाकता येईल अशा भाषेत सांगितलंत तर फार बरं होईल.

कागदपत्रवाला, पिंपळगाव बसवंत:

ताई, प्रश्न फार कामाचा आहे. मी निर्यातीची कागदपत्रं बघतो, शिपिंग बिलापासून, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदापासून, कंटेनर बोटीवर चढेपर्यंत. कांद्याचं मी सांगतो, औषधांचं बागवाले सांगतील.

आधी कागद कोणाच्या टेबलावरून आलाय ते बघा. कांद्याच्या निर्यातीवर दोन ठिकाणांहून हात पडतो. एक, परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजीएफटी म्हणतो. ते वाणिज्य मंत्रालयाखाली येतं आणि त्याचा अधिकार परकीय व्यापाराच्या १९९२ च्या कायद्यातून येतो. माल जाऊ द्यायचा की नाही, कमीत कमी किती भावाने जाऊ द्यायचा, हे तिथं ठरतं. दुसरं, वित्त मंत्रालयाचा महसूल विभाग, तिथून शुल्क लागतं. म्हणजे कागद वित्त मंत्रालयाचा असेल आणि त्यात टक्के लिहिलेले असतील, तर निर्यात चालू आहे, महाग झालीय. एवढं कळलं तरी रात्रीत चाळ फोडायची वेळ येत नाही.

आता २०२३ चं क्रमाने बघू. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याही काळात कंटेनर जात होते, मी स्वतः कागद भरत होतो. तुमच्या चुलत्यांनी नाफेडचं विचारलं ना, तर त्याच आठवड्यात केंद्राने आणखी २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने घेण्याचं जाहीर केलं होतं. तो भाव कुणाला पुरेसा वाटला, कुणाला नाही, तो वाद वेगळा. मात्र "बॅन" एवढंच वाचलेल्या माणसाला ही दुसरी बातमी ऐकायलाच मिळाली नाही, आणि चाळीत माल असलेल्याला तीच हवी होती.

ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने किलोला ६६-६७ रुपये झाले. त्याखालच्या भावाचं शिपिंग बिल कस्टममध्ये पुढे सरकत नाही. हा दरवाजा बराचसा लोटलेला, पण कडी घातलेली नव्हती. ज्याच्याकडे एकसारखा, मोठ्या साइजचा माल आणि पैसे मोजणारा गिऱ्हाईक होता, त्याचा माल जात राहिला.

७ डिसेंबरच्या कागदात मात्र कडी घातली. निर्यात धोरणाच्या तक्त्यात कांद्यासमोर "फ्री" लिहिलेलं असायचं, तिथं "प्रोहिबिटेड" आलं. खरी बंदी ओळखायची ती या एका शब्दावरून. ८ तारखेपासून लागू, आणि मुदत ३१ मार्च २०२४.

त्या सकाळी आमच्या खळ्यावर माल भरायचं काम चालू होतं. जाळीच्या गोण्या शिवून तयार, वर परदेशातल्या गिऱ्हाइकाचं लेबल. बायका निवडीला बसलेल्या, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला पडत होती. मालकाचा फोन आला आणि सगळ्यांचे हात थांबले. बंदीच्या आदेशात सवलत कोणाला होती? ज्याचं जहाजावर लोडिंग आधीच सुरू झालं होतं, किंवा ज्याचा माल आदेशाच्या आधी कस्टमच्या ताब्यात गेला होता, अशांना. खळ्यावर शिवलेल्या गोणीला सवलत नव्हती. मग तीच लेबलं कापून काढली, गोण्या देशातल्या बाजारासाठी फिरवल्या. लाल कांदा होता तो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने धीर धरतो, लाल कांद्याला तेवढा दम नसतो. दोन-तीन आठवड्यांत विकलाच पाहिजे. म्हणून डिसेंबरची बंदी शेतकऱ्याला फार लागते. याआधीच्या दोन बंद्या, २९ सप्टेंबर २०१९ ची आणि १४ सप्टेंबर २०२० ची, चाळीतला उन्हाळ संपत आलेला असताना आल्या होत्या. त्यांनीही मारलंच, पण मार वेगळ्या मालाला बसला. बातमी सांगताना हंगाम सांगायला विसरू नका.

लाल माती, चांदवड:

दादा, तुमचं सगळं मान्य, पण शेतकऱ्याला काय फरक पडतो? शुल्क लावा, मूल्य लावा, बंदी करा, लासलगावला दुसऱ्या दिवशी भाव पडायचा तो पडतोच. डिसेंबरात आम्ही महामार्गावर बसलो ते शब्दाचा अर्थ लागला नाही म्हणून नव्हे. भाव निम्म्यावर आला होता.

कागदपत्रवाला, पिंपळगाव बसवंत:

भाऊ, तुमचा राग माझाच आहे. तरीही फरक पडतो, आणि तो शेतकऱ्यालाच पडतो, म्हणून लिहितोय.

शुल्क असतं तेव्हा परदेशातला गिऱ्हाईक टिकतो. कुरकुर करेल, कमी घेईल, पण घेतो. बंदी आली की त्याला दुसरीकडे जावंच लागतं. आखातातला, मलेशियातला व्यापारी पाकिस्तानचा कांदा घेतो, आणि एकदा ती गाडी रुळावर बसली की बंदी उठली म्हणून लगेच परत येत नाही. दुसरं, शुल्क असताना निर्यातीचा माल आणि देशी बाजाराचा माल असे दोन भाव थोडेफार तरी राहतात. बंदीत सगळा माल एकाच बाजारात येऊन पडतो. मग निवडक मोठ्या कांद्याला जास्त पैसे द्यायला कुणी उरत नाही. ज्याने निर्यातीच्या मालासाठी जास्त खर्च केला त्याचं नुकसान सगळ्यात मोठं. तर शुल्काचा कागद आला असताना "बॅन" वाचून जो घाबरून विकतो, त्याला शुल्काचा फटका बसतोच आणि वर बंदीच्या भीतीचाही.

ताई, आता मुदतीचं. कागदावर ३१ मार्च होतं, म्हणून बऱ्याच जणांनी उन्हाळ कांद्याची काढणी आणि विक्री त्या तारखेच्या हिशोबाने आखली. २२ मार्चला आदेश आला, पुढचा आदेश येईपर्यंत बंदी चालू. त्यामुळे ग्रुपवर "३१ तारखेला उठणार" असं कधी लिहू नका. "कागदावर आज ही तारीख आहे" असं लिहा.

आणि बंदी असतानाही माल जात होता, हेही लोकांना माहीत असायला हवं. सरकारने सरकारला द्यायच्या हिशोबात नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, भूतान, बहरीन, मॉरिशस अशा सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी होती. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती चीड होती ते सांगायला नको. ती चीड रास्त होती असं माझं ठाम मत आहे. ज्या जिल्ह्याची चूल कांद्यावर पेटते त्याला थांबवायचं आणि दुसऱ्याला वाट काढून द्यायची, हे कुणालाही पटणार नाही.

उठण्याचंही तसंच वाचायचं. ४ मे २०२४ ला "बॅन उठला" म्हणून फटाके वाजले. उठला खरा, पण ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवूनच. दोन्ही धरले तर टन ७७० डॉलरला पडतो. उठला म्हणून भाव कुठल्या कुठे जाईल या आशेने थांबलेल्यांना हा हिशोब आधी कळायला हवा होता. पुढे १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झालं.

दिंडोरीची बाग:

औषधांचं मी सांगतो. आमची द्राक्षबाग निर्यातीची आहे, त्यामुळे हा शब्द आम्हाला रोज ऐकावा लागतो आणि त्याचे तीन अर्थ निघतात.

पहिला, देशातच बंदी. एंडोसल्फान या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंद केलं. ते विकणं, फवारणं सगळंच गुन्हा. कुठल्याही पिकावर नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली १२ लगेच बंद झाली आणि ६ ना २०२० च्या अखेरपर्यंत मुदत दिली. त्या मधल्या काळात "बॅन आहे" म्हणणारा आणि "दुकानात मिळतंय" म्हणणारा, दोघंही खरं बोलत होते.

दुसरा, औषध कायदेशीर आहे पण द्राक्षासाठी त्याची नोंदणी नाही. आपण म्हणतो लेबल क्लेम नाही. कापसाला चालतं, द्राक्षाला नाही. डब्याच्या लेबलवर पिकांची नावं असतात, ती वाचायची. डबा हातात घेऊन, उजेडात, मागची बारीक अक्षरं. दुकानदाराला घाई असली तरी आपल्याला नसावी.

तिसरा सगळ्यात गोंधळाचा. औषध इथं चालतं, पण युरोपात त्याचा अंश किती चालतो ती मर्यादा फार खाली आहे. एमआरएल. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेलीच नाही, त्याला युरोपात किलोला ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरतात. म्हणजे जवळजवळ सापडताच कामा नये. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडने, आपल्या भाषेत सीसीसीने, आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकवले. सीसीसीवर इथं बंदी नव्हती. छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला लोक ते सर्रास वापरत होते. तिकडे अंश सापडला आणि माल नाकारला गेला. त्या वर्षी ज्यांची बाग होती त्यांना विचारा, नुकसान काय असतं ते.

तेव्हापासून आम्ही "बॅन आहे का?" असं विचारत नाही. "द्राक्षाला क्लेम आहे का, युरोपची मर्यादा किती, आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं?" असं विचारतो. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी येते, ती घरात भिंतीला लावलेली आहे. वडिलांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी नावं मराठीत लिहून काढली.

येवलेकर:

मांजाचा, म्हणजे आमच्या येवल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, हलकडीचं वाद्य वाजतं, आणि दोरा गुंडाळायची आसारी हातात नाही असं पोरगं सापडत नाही. इथं "मांजा बॅन" म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं पतंगच बंद. तसं नाही. राष्ट्रीय हरित लवादाचा ११ जुलै २०१७ चा आदेश नायलॉन आणि कुठल्याही कृत्रिम धाग्याच्या मांजावर आहे. बनवणं, विकणं, साठवणं, वापरणं सगळंच त्यात आलं. साधा सुती दोरा चालतो.

पण एक बारीक गोष्ट लोक सोडतात. सुती दोऱ्यालाही काचेची पूड, धातू, धार आणणारं काही लावलेलं चालत नाही. "सुतीच आहे" म्हणून काच लावलेला दोरा विकणारे मी पाहतो आणि त्यांना तोंडावर सांगतो. गळा कापलेला मोटारसायकलवाला आणि पंख तुटलेला बगळा, दोन्ही पाहिल्यावर गप्प बसवत नाही. पोलीस दरवर्षी संक्रांतीच्या आधी वेगळा मनाई आदेश काढतात, त्याला तारखा असतात. त्या तारखा संपल्या म्हणजे नायलॉन मांजा मोकळा झाला असं समजू नका. लवादाचा आदेश बारा महिने असतो.

सिन्नरची:

गुटख्याचंही लिहा ताई. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण अन्नसुरक्षा कायद्यातल्या ज्या कलमाखाली ती घालतात तिथं एका वेळी एक वर्षाचीच मुदत देता येते. म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो आणि पेपरात "पुन्हा बंदी" अशी बातमी येते. लोक म्हणतात, मधे उठली होती का? उठली नव्हती, मुदत वाढवली.

आणि बंदी नेहमी वरूनच येते असं नाही, हेही सांगा. आमच्याकडच्या बायकांनी दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं होतं. चिन्हं दोन, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. आडवीला गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्या मतांच्या निम्मी नाही. म्हणून त्या दिवशी शेतातून, लग्नातून, माहेरातून एकेक बाई बोलावून आणावी लागते. आजारी सासूला रिक्षात घालून आणणारी सून मी पाहिली आहे. आणि आडवी जिंकली तरी परवान्याचं दुकान बंद होतं, चोरून विकणाऱ्याला वेगळं पकडावं लागतं. तिथं पुन्हा त्याच बायका.

सातपूरचा:

भाच्याच्या गेमचं मी सांगतो, छोटंसं आहे. सरकारने बंद केलेलं ॲप आणि कंपनीने बंद केलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲप बंद झाली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली, देशभर सगळ्यांना. व्हॉट्सॲप नंबर बॅन होतो तो कंपनीच्या नियमावर, तुमच्या एकट्याचा. तिथं कंपनीकडेच ॲपमधून फेरविचार मागायचा, सायबर पोलिसांकडे जाऊन काही होत नाही. "पैसे द्या, नंबर चालू करून देतो" म्हणणाऱ्याला मात्र एक रुपया देऊ नका.

निफाडची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदपत्रवाले दादा, तुमचं सगळं मी आज वडिलांना आणि चुलत्यांना वाचून दाखवलं. चुलत्यांनी दोन प्रश्न पाठवलेत. एक, बंदी असते तेव्हा कांद्याची पावडर, काप पण बंद का? दुसरा, रात्री कागद आला आणि लगेच ग्रुपवर टाकायचं असेल तर कमीत कमी काय लिहायचं? खाली मी एक नमुना केलाय, शेवटच्या आदेशावरून. तपासून द्या.

"कांदा निर्यात: २० टक्के शुल्क रद्द. आदेश वित्त मंत्रालयाचा. निर्यात आधीपासून चालू होतीच, आता शुल्कही नाही. किमान निर्यातमूल्य सप्टेंबर २०२४ पासून नाही."

कागदपत्रवाला, पिंपळगाव बसवंत:

पावडर आणि कापाचं प्रत्येक वेळी त्या आदेशातल्या मालाच्या वर्णनात बघायचं. २०२० च्या आदेशात कापलेला, चकत्या केलेला आणि पावडरचा कांदा बंदीतून वगळला होता. त्याच आदेशात बंगळुरू रोझ आणि कृष्णपुरम हे दक्षिणेकडचे कांदे बंदीत नाव घेऊन धरले होते. म्हणजे एकाच ओळीत काय धरलं आणि काय सोडलं, दोन्ही असतं. वाळवणीच्या कारखान्याला माल देणाऱ्यांना ती ओळ आधी वाचून दाखवा, त्यांची विक्री तिच्यावर असते.

तुमचा नमुना चांगला आहे, त्यात तारखा घाला. दोन तारखा लागतात, आदेश निघाल्याची आणि लागू होण्याची. या आदेशाची तारीख २२ मार्च २०२५ आहे आणि लागू १ एप्रिलपासून. मधल्या दिवसांत निघालेल्या मालाला २० टक्के भरावेच लागले. तेव्हा कागद आला त्या रात्रीचा मेसेज असा हवा होता:

"कांदा निर्यात: २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द (आदेश २२ मार्चचा, वित्त मंत्रालय). ३१ मार्चपर्यंत जाणाऱ्या मालाला शुल्क आहे. निर्यातबंदी नाही, किमान निर्यातमूल्य नाही."

मूळ कागदाचा फोटोही सोबत जोडा, पहिल्या पानासह. पहिल्या पानावर मंत्रालयाचं नाव आणि तारीख असते, आणि फिरणाऱ्या फोटोंत नेमकं तेच पान कापलेलं असतं.